रोज एक गोळी, आयुष्यभर

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने एक भाव जाहीर केला आणि जगभरातील आरोग्यक्षेत्रात खळबळ माजली. एचआयव्हीबाधित रुग्णाला लागणाऱ्या तीन औषधांचा वर्षभराचा पुरवठा ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या सेवाभावी संस्थेला ३५० डॉलरमध्ये, तर सरकारांना ६०० डॉलरमध्ये देण्याची तयारी कंपनीचे प्रमुख डॉ. युसुफ हमीद यांनी दर्शवली. हाच तिहेरी उपचार त्या वेळी अमेरिका व युरोपात वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलरांना पडत असे. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला भावातील तफावत नवी नसते. परंतु ती तीसपट-चाळीसपट असली म्हणजे एक प्रश्न आपोआप मनात येतो. इतके दिवस ग्राहक किंमत मोजत होता ती मालाची, की मक्तेदारीची?

उत्तराचा मोठा भाग भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात सापडतो. या कायद्याने औषधाच्या बाबतीत पेटंट दिले ते औषध तयार करण्याच्या पद्धतीला, प्रत्यक्ष औषधाला नव्हे. तेच औषध वेगळ्या रासायनिक मार्गाने कोणी तयार केले, तर त्याला अटकाव नव्हता. एचआयव्हीवरील पहिले औषध झिडोव्ह्युडिन. त्याचा जन्मही गमतीदार आहे. अमेरिकन संशोधक जेरोम हॉरविट्झ यांनी ते १९६४ मध्ये कर्करोगासाठी तयार केले, ते निरुपयोगी ठरले आणि त्यांनी त्याचे पेटंटही घेतले नाही. पुढे दुसऱ्याच कंपनीने ते एचआयव्हीसाठी तपासले, १९८७ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि वर्षाला आठ-दहा हजार डॉलर अशा किमतीला ते बाजारात आले. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतील डॉ. ए. व्ही. रामाराव यांनी ते तयार करण्याची देशी पद्धत बसवली आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी सिप्लाने ते भारतात विक्रीस आणले. किंमत परदेशाच्या मानाने किती तरी कमी होती. तरीही माल खपला नाही. रुग्णांजवळ तेवढेही पैसे नव्हते आणि सरकारी खर्चाचा रोख तेव्हा उपचारापेक्षा प्रतिबंधावर होता. अखेर साठ्याचा काही भाग टाकून द्यावा लागला. औषध आहे, रोगी आहे, पण मधला व्यवहारच होत नाही, असा तो काळ होता.

आज हा हिशोब पार बदलला आहे. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन व डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधे एकाच गोळीत येतात आणि ही एकत्रित गोळी जागतिक खरेदीत वर्षाला ४५ डॉलरपेक्षाही कमी दराने मिळते. गरीब देशांसाठी देणगीदारांच्या पैशातून विकत घेतल्या जाणाऱ्या या औषधांचा फार मोठा हिस्सा भारतीय कारखान्यांतून जातो. २००५ मध्ये आपला पेटंट कायदा बदलला आणि औषधालाही पेटंट मिळू लागले, तेव्हा हा पुरवठा आटेल अशी रास्त भीती होती. परंतु २००९ मध्ये टेनोफोव्हिरचे पेटंट अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने फेटाळले. त्या अर्जांना हरकत घेणाऱ्यांत स्पर्धक कंपन्यांच्या जोडीने खुद्द रुग्णांच्या संघटना होत्या, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. डोल्युटेग्रॅव्हिरच्या बाबतीत मूळ कंपनीनेच २०१४ मध्ये परवाने देण्याचा मार्ग पत्करला.

म्हणजे किमतीचा डोंगर ओलांडला गेला. भारतात तर रुग्णाला ही गोळी सरकारी केंद्रातून विनामूल्य मिळते. असे असताना दरवर्षी हजारो रुग्णांचे उपचार मधेच का खंडित होतात, हा प्रश्न आता उरला आहे आणि तो औषधाच्या कारखान्यात सुटणारा नाही.

विषाणूची नक्कल आणि घसाऱ्याचा हिशोब

या रोगात औषध चुकवणे इतके महाग का पडते, हे समजण्यासाठी विषाणूचा स्वभाव थोडा जाणून घ्यावा लागतो. एचआयव्ही शरीरातील सीडी-फोर नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरतो आणि तेथे आपल्या नकला काढतो. उपचार न घेतलेल्या माणसाच्या शरीरात दररोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात. त्याची जनुकीय संहिता साधारण दहा हजार अक्षरांची आहे. ती उतरवून घेणारे विकर म्हणजे घाईत नक्कल करणारा आणि केलेली नक्कल कधीच न तपासणारा कारकून. चुका होणारच, आणि रोज इतक्या प्रचंड संख्येने नकला निघत असल्याने, एका अक्षराची चूक जेथे जेथे होऊ शकते तेथे तेथे ती रोज कोठे ना कोठे होतेच. त्यांपैकी बहुतेक चुका विषाणूलाच घातक ठरतात. पण एखादी चूक अशी निघते, की ज्यामुळे औषध त्याला लागूच पडत नाही.

एकट्या झिडोव्ह्युडिनचा गुण काही महिन्यांत ओसरत असे, त्याचे कारण हेच. सुरुवातीला तर ते दर चार तासांनी, मध्यरात्रीसुद्धा गजर लावून घ्यावे लागे. इतके करूनही विषाणू पळवाट शोधून काढी. १९९६ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथील परिषदेत तीन औषधे एकदम देण्याचे निष्कर्ष मांडले गेले आणि चित्र पालटले. त्यामागचे तत्त्व सोपे आहे. एका औषधाला चकवणारी चूक रोज घडेल. परंतु तीन वेगवेगळ्या औषधांना चकवणाऱ्या चुका एकाच नकलेत एकाच वेळी घडणे जवळजवळ अशक्य.

अर्थात तिन्ही औषधे रक्तात पुरेशा प्रमाणात असतील तरच. येथेच खरी मेख आहे. आठवड्यातून तीन दिवस गोळी घेणाऱ्याच्या शरीरात विषाणू मरत नाही, पण औषधाची ओळख मात्र त्याला होते. जुन्या औषधांत आणखी एक धोका होता. नेव्हिरॅपिन किंवा इफॅव्हिरेन्झ ही औषधे रक्तात बरेच दिवस रेंगाळतात, तर त्यांच्या जोडीची औषधे दोन-तीन दिवसांत निघून जातात. रुग्णाने सर्व गोळ्या एकदम थांबवल्या, तरी पुढचे काही दिवस त्याच्या शरीरात एकटे एकच औषध उरे. तीन औषधांचा उपचार त्याच्या नकळत एका औषधाचा होई आणि विषाणू ती संधी साधे. एकदा प्रतिरोध निर्माण झाला की तो कायमचा. औषध पुन्हा नेमाने सुरू केले म्हणून तो पुसला जात नाही. त्याची प्रत शरीरात जपलेली राहते.

मग काही वर्षे चोख औषध घेऊन, सारे विषाणू संपवून, गोळी बंद का करू नये? हा प्रश्न प्रत्येक रुग्ण कधी ना कधी विचारतो. याचे उत्तर वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला चटकन कळेल. काही सीडी-फोर पेशींत विषाणू सुप्त पडून राहतो. तो नकला काढत नाही, म्हणून औषध त्याला स्पर्श करू शकत नाही. हा साठा औषध चालू असताना कमी होतो, पण घटत्या शिलकेवर घसारा काढावा तसा. तो निम्मा होण्यास सरासरी ४४ महिने लागतात, असे अमेरिकेतील संशोधकांनी मोजले. निम्म्याचे निम्मे, त्याचेही निम्मे, असे करत तो संपण्यास सत्तरहून अधिक वर्षे लागतील. माणसाचे उरलेले आयुष्य तेवढे नसते. औषध थांबवले, तर बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा दिसू लागतो.

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात २०१० मध्ये जन्मलेल्या एका बालिकेला जन्मानंतर अवघ्या ३० तासांत औषध सुरू केले गेले. दीड वर्षाची असताना तिचे औषध सुटले. तरी पुढे सत्तावीस महिने विषाणूचा मागमूस नव्हता. जगाने सुटकेचा श्वास घेतला, आणि २०१४ मध्ये तो परतला. बर्लिन येथे उपचार घेतलेले टिमोथी रे ब्राऊन पूर्णपणे बरे झाले हे खरे; परंतु त्यांना रक्ताच्या कर्करोगासाठी अस्थिमज्जा बदलावी लागली होती आणि दात्याच्या पेशींत या विषाणूला दार बंद करणारा दुर्मीळ जनुकीय बदल होता. तो उपचार इतका जोखमीचा आहे, की ज्याला रोज एक गोळी घेऊन जगता येते त्याला तो कोणताही शहाणा वैद्य सुचवणार नाही.

रुग्णांना ठरावीक काळ औषधांपासून विश्रांती देऊन पाहण्याचाही एक मोठा प्रयोग झाला. तेहतीस देशांतील ५,४७२ रुग्ण त्यात होते. विश्रांती घेणाऱ्या गटात आजार व मृत्यू स्पष्टपणे वाढल्याने तो जानेवारी २००६ मध्ये थांबवावा लागला. वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात ‘एड्स मुळापासून बरा’ अशा जाहिराती देणाऱ्यांच्या गावी यातले काहीच नसते. औषधविषयक नियमांच्या अनुसूची ‘जे’ मध्ये, जे आजार बरे करण्याचा दावा करण्यास मनाई आहे, त्या यादीत एड्सचे नाव पहिलेच आहे. अशा औषधाने अपाय होतो की नाही हा पुढचा भाग; त्याच्या नादी लागून सहा महिने बंद पडलेली खरी गोळी, हा पहिला अपाय.

जे.जे. रुग्णालयाची खिडकी

३० नोव्हेंबर २००३ रोजी तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी विनामूल्य उपचाराची घोषणा केली आणि १ एप्रिल २००४ पासून देशातील आठ सरकारी रुग्णालयांत तो सुरू झाला. मुंबईचे जे.जे. रुग्णालय त्यांपैकी एक. त्याआधीची काही वर्षे मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दृष्टीने अतिशय कठीण होती. औषध दुकानात मिळत होते, पण खिशातून पैसे घालून. प्रथम बचत मोडायची, मग दागिने, मग उसनवारी. आणि हात रिकामे झाले की औषध बंद. पुन्हा चार पैसे आले की पुन्हा सुरू. विषाणूला प्रतिरोध शिकवण्याचा याहून खात्रीचा मार्ग नव्हता. त्यामुळे कार्यक्रम सुरू होऊन चार वर्षे होत नाहीत तोच, जानेवारी २००८ मध्ये, पहिली औषधे निष्प्रभ ठरलेल्या रुग्णांसाठी दुसऱ्या फळीची महागडी औषधे द्यावी लागली. ती प्रथम जे.जे. मध्ये आणि चेन्नईजवळच्या तांबरम येथील रुग्णालयात मिळू लागली.

औषध निष्प्रभ झाले हे ओळखणेही सोपे नव्हते. रक्तातील विषाणूंची संख्या मोजणारी व्हायरल लोड चाचणी महाग असल्याने अनेक वर्षे वजन, लक्षणे आणि सीडी-फोर पेशींची संख्या यांवरच अंदाज बांधला जाई. ही लक्षणे उशिरा बोलतात. तोवर रुग्ण निकामी औषध घेत राही आणि प्रतिरोधाची चूक एकाची दोन, दोनाची चार होत जाई. नियमित व्हायरल लोड चाचणी सर्व रुग्णांना विनामूल्य देण्याचा निर्णय २०१८ मधला. खाते तपासल्याविना चौदा वर्षे कर्जवाटप चालू ठेवावे, तसा हा प्रकार म्हणावा लागेल. अर्थात त्या काळात हाती असलेला पैसा अधिकाधिक रुग्णांच्या गोळ्यांवर खर्च झाला, हेही विसरून चालणार नाही.

आज देशात सुमारे २५ लाख एचआयव्हीबाधित आहेत आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे. सोळा लाखांहून अधिक लोक उपचार घेत आहेत. २०१७ पासून धोरण असे आहे, की चाचणीत बाधा आढळली की लगेच औषध. पूर्वीप्रमाणे सीडी-फोरची संख्या घसरण्याची वाट पाहायची नाही. वैद्यकीयदृष्ट्या हा निर्णय निःसंशय योग्य आहे. परंतु त्यातून एक नवी अडचण उद्भवली, तिची चर्चा फारशी होत नाही. पूर्वीचा रुग्ण खंगून, खाटेवरून केंद्रात येई. गोळ्यांनी महिन्या-दोन महिन्यांत त्याला उभे केले, याचा अनुभव त्याच्या स्वतःच्या शरीराला असे. आताचा रुग्ण धडधाकट असतो. त्याला काहीही होत नसते. काही होऊ नये म्हणून त्याने रोज गोळी घ्यायची आणि तिचा गुण म्हणजे काहीही न घडणे. अशा औषधावर विश्वास टिकवणे अवघड असते.

सरकारी पुरवठाही नेहमी अखंड राहिलेला नाही. जुलै २०२२ मध्ये औषधांच्या तुटवड्याविरुद्ध रुग्णांनी दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात ठाण मांडले होते आणि हे आंदोलन महिनाभराहून अधिक चालले. महिन्याच्या गोळ्यांऐवजी चार-आठ दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवल्या, तर दूरगावच्या मजुराने किती वेळा रोजगार बुडवून यायचे? मालाची निविदा वेळेवर निघाली नाही की दुकानाचे फळे रिकामे पडतात, एवढेच आपण जाणतो. येथे फळ्याबरोबर माणसाचे रक्तही तपासावे लागते.

गोळीची किंमत शरीर मोजते

पहिल्या फळीतील स्टॅव्ह्युडिन हे औषध स्वस्त होते आणि त्यानेच भारतात हजारो जीव वाचवले. पण दीर्घकाळ घेतल्यावर तळपायांची आग होई आणि चेहऱ्यावरील चरबी झडून गाल खोल जात. ज्या आजाराची वाच्यता होऊ नये म्हणून रुग्ण जीव टाकत होता, त्याची खूण औषधच चेहऱ्यावर उमटवी. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. झिडोव्ह्युडिनने रक्तक्षय होई, नेव्हिरॅपिनने अंगावर पुरळ व यकृताला सूज, इफॅव्हिरेन्झने चक्कर आणि विचित्र स्वप्ने. आताचे डोल्युटेग्रॅव्हिर या मानाने पुष्कळ सुसह्य आहे, परंतु निर्दोष नाही. काहींचे वजन वाढते आणि टेनोफोव्हिरमुळे मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवावे लागते.

भारतात या रुग्णांचा सर्वांत मोठा वैरी क्षयरोग. त्यावरील रिफाम्पिसिन हे मुख्य औषध यकृताला असे कामाला लावते, की एचआयव्हीची काही औषधे नेहमीपेक्षा लवकर शरीराबाहेर पडतात. म्हणून क्षयाचा उपचार चालू असताना डोल्युटेग्रॅव्हिर दिवसातून दोनदा द्यावे लागते. दोन दवाखान्यांतील दोन डॉक्टरांना एकमेकांच्या औषधांची माहिती नसेल, तर दोन्ही उपचार योग्य असूनही रुग्ण घसरतो. कधी उलटेही होते. औषधाने प्रतिकारशक्ती जागी होते आणि शरीरात दडलेल्या क्षयावर ती एवढ्या त्वेषाने तुटून पडते, की रुग्णाला ताप येतो, गाठी सुजतात. औषध चालू केल्यावरच आजार वाढला, असे घरच्यांना वाटते आणि गोळ्या बंद होतात. प्रत्यक्षात त्याच वेळी त्या चालू राहणे आवश्यक असते.

एचआयव्हीबाधित माणूस आता म्हातारा होऊ लागला आहे, ही या औषधांची सर्वांत मोठी कमाई. त्याबरोबर मधुमेह, रक्तदाब ओघाने आलेच. डोल्युटेग्रॅव्हिरमुळे मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते, म्हणून त्याची मात्रा मर्यादित ठेवावी लागते. आम्लपित्तावरील ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमसारख्या क्षारांची औषधे, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या डोल्युटेग्रॅव्हिरला आतड्यात अडकवून ठेवतात. ती त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी असा निर्देश आहे. ही माहिती डॉक्टर देऊ शकतात, पण एक अट आहे. रुग्णाने आपल्या कुटुंबाच्या डॉक्टरला आपण कोणती गोळी घेतो हे सांगितले पाहिजे. पुष्कळजण सांगत नाहीत.

आहाराच्या नियमांचाही येथे संबंध येतो. इफॅव्हिरेन्झ झोपण्यापूर्वी, रिकाम्या पोटी घ्यायचे असे. चौविहार पाळणाऱ्या घरातील माणसाने रात्री दहाला पाण्याबरोबर गोळी घेतली, तर चार जणांच्या नजरेला ते येणारच. नवी गोळी दिवसा कोणत्याही ठरावीक वेळी, जेवणाबरोबर किंवा जेवणाविना घेता येते, म्हणून ती सकाळी नवकारशीच्या वेळेस घेऊन मोकळे होता येते. पर्युषणातील अठाईचा विचार मात्र वेगळा. आठ दिवसांचा खंड या औषधांत किरकोळ समजला जात नाही. उपवासाला बसण्यापूर्वी केंद्रातील डॉक्टरांशी बोलून घेणे आणि गुरुमहाराजांपुढेही प्रकृतीचे कारण न संकोचता ठेवणे, हे दोन्ही आवश्यक आहे.

कपाटातील बाटली

एआरटी केंद्रातील समुपदेशक दर भेटीत बाटलीत उरलेल्या गोळ्या मोजतात. तीस दिवसांत एक किंवा दोन गोळ्या राहिल्या तर ठीक. अधिक उरल्या तर विचारणा होते. ही मोजणी चुकवणेही रुग्ण शिकतात. येण्यापूर्वी जास्तीच्या गोळ्या काढून टाकल्या, की हिशोब जुळतो. कागदावर जुळतो, रक्तात नाही.

गोळी का सुटते, याची कारणे समुपदेशकांना पाठ झालेली असतात आणि त्यांत विसरणे हे कारण वरवरचेच असते. लग्नसराईत घरात पाहुणे उतरले, बाटली काढायला एकांत मिळाला नाही. खरेदीसाठी चार जणांबरोबर परगावी जाणे झाले, एकाच खोलीत मुक्काम पडला. सून बाळंतपणासाठी माहेरी गेली, तेथे कोणाला ठाऊक नाही. स्वतःच्या जिल्ह्यातील केंद्रात ओळखीचे कोणी भेटेल या धास्तीने शंभर-दीडशे किलोमीटर दूरच्या केंद्रात नाव घातले, आणि पावसाळ्यात एसटी बंद झाली. बाटलीवरचे लेबल खरवडायचे, गोळ्या जीवनसत्त्वाच्या डबीत भरायच्या, हे तर सर्रास. मूळ बाटलीत ओलावा शोषणारी पुडी असते. दुसऱ्या डबीत, कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसात, त्या गोळीला दमटपणा लागतो. एवढी यातायात आजारासाठी नाही, लोकांसाठी असते.

अमेरिकेत २०२१ पासून दर एक-दोन महिन्यांनी टोचायची इंजेक्शने वापरात आली आहेत. घरात बाटलीच नको, ही त्यांची मोठी सोय. परंतु त्यांतील एक औषध शीतगृहाच्या तापमानात जपावे लागते आणि रुग्ण ठरल्या दिवशी आला नाही, तर औषधाचा अंश रक्तात महिनोन् महिने क्षीण होत राहतो. म्हणजे अर्धवट औषधाचा जुनाच धोका पुन्हा दारात. तूर्त भारतातील लाखो रुग्णांचा आधार रोजची गोळी हाच आहे.

व्यापारी पेढ्या व कारखानदार यांनी येथे कायद्याची एक बाजू जाणून घ्यायला हवी. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार नोकरी देण्यापूर्वी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही, बाधा आहे म्हणून कामावरून दूर करता येत नाही आणि एखाद्याची बाधा त्याच्या संमतीविना उघड करता येत नाही. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारणासाठी अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. कित्येक मालकांना याची कल्पनाही नसते. महिन्यातून एक दिवस केंद्रात जाण्यासाठी कारण न विचारता दिलेली रजा, ही त्या कामगाराच्या दृष्टीने वर्षाच्या बोनसहून मोलाची असते. त्याला कारण सांगावे लागले, तर तो रजा मागणार नाही; केंद्रातच जाणार नाही.

भीतीचे मूळ संसर्गाच्या धास्तीत असते, म्हणून त्याविषयीचे संशोधन नीट सांगायला हवे. पती-पत्नींपैकी एकालाच बाधा आहे अशा १,७६३ जोडप्यांचा अभ्यास नऊ देशांत झाला. पुणे आणि चेन्नई ही त्यातील भारतीय केंद्रे होती. बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केल्यास दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी होतो, हा निष्कर्ष २०११ मध्ये जाहीर झाला. पुढील अभ्यासांनी आणखी खात्री दिली. गोळी नेमाने घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू आढळेनासा झाला आहे, त्याच्यापासून जोडीदाराला शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही. मातेला गरोदरपणात औषध मिळाले आणि ते पुढेही चालू राहिले, तर एरवी १५ ते ४५ टक्के बालकांना होऊ शकणारी बाधा ५ टक्क्यांच्या खाली येते. एका ताटात जेवल्याने ती कधीच होत नव्हती, हे तर तीस-पस्तीस वर्षे सांगितले जात आहे.

लहान मुलांसाठीचा राष्ट्रीय उपचार कार्यक्रम नोव्हेंबर २००६ मध्ये सुरू झाला. तेव्हा आजीच्या कडेवर बसून कडू औषध गिळणारी मुले आज विशी-पंचविशीत आहेत. अनेकांचे आईवडील तिहेरी औषध येण्यापूर्वीच गेले. या मुलांनी बारा-चौदाव्या वर्षी एकदा गोळीविरुद्ध बंड केलेले असते. मला काय झाले आहे ते कोणी सांगत नाही, मग मी हे का घेऊ, असा त्यांचा सवाल असतो आणि ज्या घराने वेळेवर खरे उत्तर दिले तेथील मूल पुन्हा औषधावर आले, असा समुपदेशकांचा अनुभव आहे. आता या मुलांच्या लग्नांची वेळ आली आहे. पुण्यात, सुरतेत बाधित तरुण-तरुणींसाठी वधू-वर मेळावे भरतात. तेथील परिचयपत्रात शिक्षण, उंची, नोकरी यांच्या खाली एक ओळ आणखी असते: कोणत्या वर्षापासून औषध चालू आहे, आणि शेवटच्या चाचणीत विषाणू किती.